दाते मासामुने : लोकप्रियता किती, ऐतिहासिक महत्त्व किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या सेंगोकू काळाविषयी, म्हणजे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत चाललेल्या यादवीविषयी, मराठी वाचकांकडून येणारे बरेचसे प्रश्न शेवटी एकाच एकाक्ष सरदारापाशी येऊन थांबतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्याने त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या उत्तरात अधिक विस्ताराने आला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दाते मासामुने नेमका कोण होता?

ईशान्य जपानमधल्या दाते घराण्याचा तो सतरावा प्रमुख. जन्म १५६७ मध्ये योनेझावा येथे झाला. वडील दाते तेरुमुने, आई शेजारच्या मोगामी घराण्यातली योशिहिमे. लहानपणी देवीच्या आजारात त्याचा उजवा डोळा गेला. १५८४ मध्ये वडिलांनी निवृत्त होऊन त्याच्या हाती कारभार दिला आणि पुढल्या पाच वर्षांत त्याने आसपासच्या घराण्यांशी लढून आपला मुलूख झपाट्याने वाढवला. १५९० मध्ये देश एका छत्राखाली आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीपुढे त्याला मान तुकवावी लागली, १६०० च्या सेकिगाहारा प्रकरणात, म्हणजे देशाची सत्ता कोणाकडे जाणार हे ठरवणाऱ्या लढाईत, तो विजयी ठरलेल्या तोकुगावा इएयासूच्या बाजूने राहिला, आणि १६०१ पासून त्याने सेंदाई हे शहर वसवले. १६३६ मध्ये एडो येथे, म्हणजे आजच्या टोकियोत, त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो जपानी गणनेप्रमाणे सत्तर वर्षांचा होता.

२. आडनाव ‘डेट’ की ‘दाते’? आणि ‘मासामुने’ हे तर तलवारीचे नाव आहे ना?

उच्चार ‘दाते’ असाच आहे. रोमन लिपीतले स्पेलिंग पाहून इंग्रजी वळणाने वाचल्यामुळे ‘डेट’ होते. मराठी वाचकाला येथे पंचांगकर्त्यांचे आडनाव आठवणे साहजिक आहे, पण हे निव्वळ ध्वनिसाम्य आहे. जुना उच्चार ‘इदाते’ असा होता, आणि मासामुनेने पोपला पाठवलेल्या लॅटिन पत्रात नाव तसेच लिहिलेले आहे.

‘मासामुने’ नावाच्या प्रसिद्ध तलवारी मात्र सागामी प्रांतातल्या एका कारागिराच्या आहेत. तो १३०० च्या आगेमागे होऊन गेला आणि त्याचा दाते घराण्याशी काही संबंध नाही. आपल्या मासामुनेला नाव मिळाले ते घराण्याच्या नवव्या प्रमुखाचे. चौदाव्या शतकातला हा पूर्वज कर्तबगार मानला जाई, आणि तेच नाव मुलाला देण्यामागे वडिलांची अपेक्षा उघड दिसते.

३. इंटरनेटवर त्याची एवढी चलती कशामुळे आहे?

तात्कालिक कारण व्हिडिओ गेम हे आहे. २००५ मध्ये कॅपकॉम कंपनीचा ‘सेंगोकू बासारा’ हा खेळ आला. त्यातला मासामुने दोन्ही हातांत मिळून सहा तलवारी धरतो, मधूनच इंग्रजी वाक्ये फेकतो आणि त्याच्या घोड्याला मोटरसायकलचे हँडल बसवलेले असते. कोएई कंपनीच्या खेळांतही तो आधीपासून होता, पण बासारातल्या रूपाने त्याला एक नवा चाहतावर्ग मिळवून दिला आणि त्यात तरुण स्त्रिया मोठ्या प्रमाणावर होत्या. इतिहासाचा नाद असलेल्या अशा स्त्रियांसाठी जपानीत ‘रेकिजो’ हा शब्द रूढ झाला आणि २००९ च्या गाजलेल्या शब्दांच्या यादीत तो आला. त्याच वर्षी मियागी प्रांताच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत मतदानाचे आवाहन करणाऱ्या सरकारी भित्तिपत्रकांवर खेळातला हा मासामुनेच झळकला होता.

पण खेळाने हा माणूस का निवडला, हा खरा प्रश्न आहे. चित्रकाराला जे जे हवे ते सगळे त्याच्यापाशी तयार होते: एक डोळा, शिरस्त्राणावरची भलीमोठी सोनेरी चंद्रकोर, काळे चिलखत, तरुण वय आणि थोडक्यात हुकलेली महत्त्वाकांक्षा. चेहरा न दाखवता नुसती सावली काढली तरी ओळखू येतील असे सेंगोकू सरदार फार थोडे आहेत, आणि ज्या माध्यमात चित्र आधी दिसते आणि मजकूर नंतर वाचला जातो, तेथे हा गुण फार मोठा ठरतो.

४. म्हणजे ही प्रसिद्धी खेळांनीच निर्माण केली का?

नाही. खेळांनी एका जुन्या इमारतीवर नवा मजला चढवला, एवढेच म्हणता येईल.

पाया घातला तो दाते घराण्याने स्वतः. हे घराणे १८६८ पर्यंत सेंदाईत सत्तेवर होते, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी मासामुनेच्या कारकिर्दीचा अधिकृत वृत्तान्त सिद्ध करवून घेतला. ‘एकाक्ष ड्रॅगन’ ही उपाधी त्याच्या हयातीतली नाही. एकोणिसाव्या शतकातला कवी आणि इतिहासकार राइ सान्यो याने चीनमधल्या ली केयोंग या एकाक्ष सेनानीचे बिरुद त्याच्यासाठी वापरले आणि तेथून ते रुळले.

सेंदाईच्या किल्ल्यावरचा अश्वारूढ पुतळा १९३५ चा. युद्धकाळात धातू गोळा करण्याच्या मोहिमेत १९४४ मध्ये तो काढून नेला गेला. युद्धानंतर त्या जागी मासामुनेचा दुसरा पुतळा उभा राहिला, तो सिमेंटचा, पायी उभा आणि चिलखताऐवजी साध्या पोशाखातला. पराभूत जपानला घोड्यावरचा योद्धा नकोसा वाटत होता, हे त्यातून कळते. १९६४ मध्ये मूळ साच्यावरून अश्वारूढ पुतळा पुन्हा ओतला गेला आणि साध्या पोशाखातला मासामुने इवादेयामा या त्याच्या जुन्या राजधानीच्या गावी गेला. मला स्वतःला तो दुसरा पुतळाच अधिक खरा वाटतो. कारण प्रश्न ११ मध्ये आले आहे.

यानंतरचा मोठा टप्पा १९८७ चा. एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर ‘दोकुगानर्यू मासामुने’ ही वर्षभर चालणारी मालिका आली. केन वातानाबे यांनी मुख्य भूमिका केली. तिची सरासरी प्रेक्षकसंख्या ३९.७ टक्के होती आणि एनएचकेच्या या वार्षिक ऐतिहासिक मालिकांमध्ये तो उच्चांक आजही कायम आहे. २००५ मध्ये खेळ करणाऱ्या आणि खेळणाऱ्या पिढीच्या घरात हा माणूस आधीच येऊन बसलेला होता.

५. नोबुनागा, हिदेयोशी आणि इएयासू यांच्या पंक्तीत त्याला बसवता येईल का?

नाही, आणि या उत्तरात फारशी गुंतागुंत नाही. एखाद्या माणसाला इतिहासातून वगळले तर पुढचे किती बिघडते, ही ढोबळ कसोटी लावून पाहावी. ओदा नोबुनागाने १५७३ मध्ये आशिकागा शोगुनाला, म्हणजे देशाच्या लष्करी शासकाला, क्योतो या राजधानीतून हाकलले. हिदेयोशीने देशभर जमिनीची मोजणी केली आणि १५८८ च्या फर्मानाने शेतकऱ्यांकडची शस्त्रे काढून घेतली. इएयासूने १६०३ मध्ये जी राजवट स्थापन केली, ती अडीच शतकांहून अधिक टिकली. या तिघांपैकी एकालाही काढले तर जपानचा इतिहास ओळखू येणार नाही.

मासामुनेला काढले तर ईशान्येचा इतिहास मोठ्या प्रमाणावर बदलेल, एडो शहराच्या अन्नपुरवठ्याचा काही अंशी बदलेल, पण तोकुगावा राजवट आलीच असती. तो पहिल्या फळीतला प्रादेशिक सत्ताधीश होता. सेंदाईचा मुलूख ६,२०,००० कोकूंचा होता. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, ढोबळ मानाने एका माणसाचे वर्षभराचे अन्न. तोकुगावा काळातल्या सरदारांमध्ये कागाचे माएदा आणि सात्सुमाचे शिमाझू यांच्यानंतर त्याचा क्रमांक लागे. म्हणजे स्थान मोठेच आहे, पण सिंहासनाशेजारचे नाही.

६. वीस वर्षे आधी जन्मला असता तर त्याने जपान जिंकला असता, असे सगळीकडे लिहिलेले असते. ते कितपत खरे?

सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून थोडे सविस्तर.

आधी आकडे पाहावेत. १५८९ मध्ये सुरिआगेहारा येथे आशिना घराण्याचा पराभव करून त्याने आइझू प्रदेश घेतला, तेव्हा त्याची सत्ता सर्वांत विस्तारलेली होती. त्या मुलुखाचा नंतरच्या मोजमापाने केलेला अंदाज सुमारे ११ लाख ४० हजार कोकू इतका सांगितला जातो. १५९८ च्या सुमारास साऱ्या देशाचे उत्पन्न सुमारे १ कोटी ८५ लाख कोकू होते. म्हणजे आपल्या उत्कर्षाच्या शिखरावर असताना त्याच्याकडे देशाचा सुमारे सहा टक्के हिस्सा होता, आणि तोही जेमतेम एक वर्ष, कारण १५९० मध्ये हिदेयोशीने आइझू काढून घेतले. दक्षिणेचे क्यूशू बेट हिदेयोशीने १५८७ मध्येच जिंकलेले होते आणि सरदारांनी परस्पर लढाया करू नयेत असा हुकूमही काढला होता. मासामुनेची सर्वांत मोठी लढाई ही त्या हुकमाची पायमल्ली होती.

आता त्याचा जन्म वीस वर्षे मागे नेऊ, म्हणजे १५४७ मध्ये. तेव्हा दाते घराण्यात काय चालले होते? पणजोबा तानेमुने आणि आजोबा हारुमुने हे बापलेक १५४२ ते १५४८ अशी सहा वर्षे एकमेकांशी युद्ध करत होते आणि त्यात आसपासची जवळजवळ सगळी घराणी ओढली गेली होती. घराण्याची अंकित असलेली कुळे त्या यादवीत सुटी झाली. ती घडी पुन्हा बसवण्यात आजोबांची आणि वडिलांची हयात गेली, आणि १५८४ मध्ये तरुण मासामुनेला जे सज्ज सैन्य मिळाले ते त्याच श्रमांचे फळ होते. वीस वर्षे आधी जन्मलेल्या मासामुनेच्या हाती मोडके घर आले असते.

भूगोलही आड येतो. योनेझावाहून क्योतोकडे जायचे तर वाटेत उएसुगी, होजो, ताकेदा अशी एकाहून एक बलाढ्य घराणी, आणि हिवाळ्यात बर्फाने बंद होणारे घाट. नोबुनागाचा ओवारी प्रांत राजधानीपासून काही दिवसांच्या मजलीवर होता. शिवाय ईशान्येतली घराणी सोयरिकींनी इतकी गुंतलेली होती की लढाई झाली तरी कोणीतरी मामा किंवा सासरा मध्यस्थीला येई आणि तह होई. शत्रू समूळ नाहीसा करण्याची रीत तेथे फारशी नव्हती. ती रीत मासामुनेने मोडू पाहिली, हे त्याचे वेगळेपण खरे (त्याची किंमत कोणी दिली, यासाठी प्रश्न ९ पाहा). पण मुख्य उत्तर बदलत नाही.

७. डोळ्यावरची पट्टी, चंद्रकोर, सहा तलवारी: यांतले खरे काय?

चंद्रकोर खरी आहे. त्याचे काळ्या लाखेचे चिलखत आणि शिरस्त्राण सेंदाई शहर संग्रहालयात आहे. सहा तलवारी अर्थातच खेळातल्या.

पट्टीला समकालीन आधार नाही. ती विसाव्या शतकातल्या चित्रपटांनी आणि पुढे मालिकेने घट्ट केली. मात्सुशिमाच्या झुइगानजी मंदिरातली त्याची लाकडी मूर्ती मृत्यूनंतर काही वर्षांनी पत्नीच्या इच्छेने घडवली गेली. तिच्यात उजवा डोळा निकामी दाखवला आहे, पण पट्टी नाही. इतर बहुतेक चित्रांत मात्र दोन्ही डोळे शाबूत आहेत, कारण आपले चित्र दोन्ही डोळ्यांसह काढावे अशी त्याची स्वतःची इच्छा होती असे परंपरा सांगते. जी खूण आज त्याची ओळख आहे, ती त्याला चित्रात नको होती.

झुइहोदेन ही त्याची समाधी १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाली. पुनर्बांधणीपूर्वी १९७४ मध्ये तेथे उत्खनन झाले, तेव्हा अस्थींवरून त्याची उंची सुमारे १५९ सेंटिमीटर असल्याचे दिसले. त्या काळच्या जपानी पुरुषाच्या मानाने ती सर्वसाधारणच होती.

८. मरणाचा पांढरा पोशाख घालून तो हिदेयोशीसमोर गेला, ही गोष्ट विश्वसनीय आहे का?

अस्सल पत्र आणि बखर यांच्यात मराठी वाचक जो भेद करतो, तोच येथेही करावा. १५९० मध्ये हिदेयोशी ओदावाराच्या किल्ल्याला वेढा घालून बसला असताना मासामुने उशिरा पोहोचला, त्याला काही काळ ताटकळत ठेवले गेले, नंतर माफी मिळाली आणि आइझू गेले; एवढे निश्चित. पांढरा पोशाख, हिदेयोशीने मानेवर काठी टेकवून ‘आणखी थोडा उशीर झाला असता तर ही गेली असती’ असे म्हणणे, हा तपशील नंतरच्या वृत्तान्तांतला आहे.

दुसरी गाजलेली कथा सहीची. पुढल्याच वर्षी कासाई-ओसाकी भागातल्या बंडाला त्याची फूस असल्याचा आरोप झाला आणि पुरावा म्हणून त्याच्या सहीचे पत्र हजर केले गेले. माझी सही धोबी पक्ष्याच्या आकाराची असते आणि खऱ्या सहीत पक्ष्याच्या डोळ्याला सुईने छिद्र पाडलेले असते, या पत्रात ते नाही, असे सांगून तो सुटला, अशी ही कथा. सहीचा आकार खरोखरच पक्ष्यासारखा आहे. छिद्र मात्र आज उपलब्ध असलेल्या त्याच्या पत्रांत दिसत नाही. आरोप बहुधा खरा होता, आणि हिदेयोशीलाही ते कळले असावे. त्याने मासामुनेचा मुलूख बदलून त्याला योनेझावाहून उत्तरेला, बंडाने उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशात पाठवले. खटल्यात तो सुटला म्हणावे तर वडिलोपार्जित गाव गेले.

९. ओदेमोरीच्या कत्तलीविषयी कोणी का बोलत नाही?

बोलतात, पण खेळांत आणि चाहत्यांच्या चित्रांत तिला जागा नसते. १५८५ मध्ये, म्हणजे कारभार हाती आल्यावर वर्षभरात, त्याने ओदेमोरी हा छोटा किल्ला घेतला आणि आतल्या माणसांची सरसकट कत्तल केली. मामा मोगामी योशिआकी याला लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच सांगतो की स्त्रिया, मुले आणि कुत्रीसुद्धा सोडली नाहीत, एकूण ११०० हून अधिक मारले. आकडा फुगवलेला असू शकतो. इतर साधनांत वेगळे आकडे आहेत. पण शेजाऱ्यांनी धसका घ्यावा म्हणून हे कळवले गेले, आणि त्याने ते अभिमानाने कळवले, याविषयी शंका घेता येत नाही.

धसका घेतलेल्यांपैकी एक होता निहोनमात्सूचा योशित्सुगू. तो शरण आला, त्याला जाचक अटी घातल्या गेल्या, आणि भेटीला आला असताना त्याने मासामुनेच्या वडिलांनाच पळवले. पाठलागात दोघेही ठार झाले. वडिलांवर गोळी झाडण्याचा हुकूम मासामुनेने दिला की नाही, यावर साधनांत एकवाक्यता नाही. नाटककारांना हा प्रसंग फार आवडतो आणि तो नेहमी दाखवला जातो. त्याचे मूळ ज्या ओदेमोरीत आहे, ते मात्र गाळले जाते.

१०. आईने त्याला विष घातले होते का? आणि मामा एवढा दुष्ट होता का?

रूढ कथा अशी, की १५९० मध्ये ओदावाराला निघण्यापूर्वी धाकट्या भावाला गादी मिळावी म्हणून आईने जेवणात विष घातले, तो वाचला, भावाला त्याने मारले आणि आई माहेरी यामागाताला पळाली. हिच्यात एक मोठी अडचण आहे. मासामुनेचा गुरू असलेल्या भिक्षूच्या पत्रावरून ती १५९४ मध्ये माहेरी गेली असे दिसते. शिवाय १५९३ मध्ये तो कोरियाच्या स्वारीवर असताना आईने त्याला पैसे आणि पत्र पाठवले आणि त्याने अत्यंत मायेने उत्तर लिहिले. ते उत्तर उपलब्ध आहे. विष घालणारी आई आणि भावाला मारणारा मुलगा तीन वर्षांनी अशी पत्रे लिहितील, हे पटत नाही.

मामाविषयी बोलायचे तर, लोकप्रियतेने केलेला खरा अन्याय येथे आहे. १९८७ च्या मालिकेत योशिआकी कपटी खलनायक आहे आणि तीच प्रतिमा अनेकांच्या मनात राहिली. प्रत्यक्षात तो सेकिगाहारानंतर ५,७०,००० कोकूंचा धनी झालेला, यामागाता शहर आणि मोगामी नदीतली जलवाहतूक वाढवणारा सरदार होता. त्याची कोवळ्या वयाची मुलगी कोमाहिमे १५९५ मध्ये हिदेयोशीच्या हुकमाने क्योतोत मारली गेली. तिचा अपराध इतकाच की हिदेयोशीच्या मर्जीतून उतरलेल्या पुतण्याच्या जनानखान्यात ती नुकतीच दाखल झाली होती. मोगामी घराण्याचा मुलूख १६२२ मध्ये जप्त झाला. दाते घराण्याला आपली बाजू लिहून ठेवायला पुढली अडीच शतके मिळाली, मोगामींना मिळाली नाहीत.

११. मग त्याचे खरे ऐतिहासिक महत्त्व कशात आहे?

ज्या पराक्रमांसाठी तो इंटरनेटवर गाजतो, ते जवळजवळ सगळे तेविसाव्या वर्षापूर्वीचे आहेत, आणि त्यांतून मिळवलेल्या बहुतेक गोष्टी त्याच्या हातून गेल्या. जे टिकले ते पस्तिशीच्या आसपास सुरू होते.

सेकिगाहाराच्या वेळी इएयासूने त्याला आणखी मोठा मुलूख देण्याचे वचन लेखी दिले होते. ते मिळाले असते तर तो दहा लाख कोकूंच्या वर गेला असता. पण त्याच धांदलीत शेजारच्या मुलुखात बंड उठवण्याचा उद्योग त्याने केला, तो उघडकीस आला, आणि वचनापैकी फारच थोडे पदरात पडले. लढून मुलूख वाढवण्याचा मार्ग तेथे कायमचा बंद झाला. राहिला एकच मार्ग: आहे त्या जमिनीतून अधिक पिकवणे.

सेंदाईच्या उत्तरेला दलदलीची विस्तीर्ण मैदाने होती आणि कितागामी नदी दरवर्षी पात्र बदलून धुमाकूळ घाली. मासामुनेने कावामुरा मागोबेइ या पश्चिमेकडून आलेल्या जलतज्ज्ञाला नोकरीत घेतले. त्याने १६२० च्या दशकात कितागामी, हासामा आणि एआई या नद्यांचे प्रवाह वळवून एकत्र आणले आणि इशिनोमाकी येथे मुखाशी बंदर उभे केले. यामुळे पूर आटोक्यात आले, दलदलीची भातखाचरे झाली, आणि मुख्य म्हणजे देशाच्या आतल्या भागातला तांदूळ नदीने थेट बंदरात येऊन जहाजाने एडोला जाऊ लागला. कागदोपत्री ६,२०,००० कोकूंच्या या मुलुखाचे प्रत्यक्ष उत्पन्न पुढे कितीतरी अधिक झाले, आणि वाढत्या एडो शहराच्या पोटापाण्यात सेंदाईच्या तांदळाचा वाटा फार मोठा राहिला. त्याच्या सरदारांना सुरुवातीला रोख वेतनाऐवजी पडीक जमीन लागवडीसाठी दिली जाई. शांततेच्या काळात भल्या मोठ्या सैन्याचे काय करायचे, या त्या काळच्या अवघड प्रश्नाचे हे एक उत्तर होते.

याबरोबर सेंदाई शहर आहेच. आज ते ईशान्य जपानमधले सर्वांत मोठे शहर आहे आणि त्याच्या मध्यभागाची आखणी १६०१ नंतरच्या वसाहतीवरून आलेली आहे. यातले काहीही खेळात दाखवण्याजोगे नाही, हे मान्य. नदी वळवणारा मासामुने कोण खेळेल?

१२. त्याने रोमला वकील पाठवला, तो स्पेनच्या मदतीने शोगुनाला उलथवण्यासाठी का?

पाठवला हे खरे. कट सिद्ध झालेला नाही. ऑक्टोबर १६१३ मध्ये त्सुकिनोउरा बंदरातून ‘सान हुआन बाउतिस्ता’ हे जपानमध्ये बांधलेले जहाज निघाले. त्यावर मासामुनेचा सेवक हासेकुरा त्सुनेनागा आणि फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक लुईस सोतेलो होते. पॅसिफिक ओलांडून मेक्सिको, तेथून स्पेन असा प्रवास करत हासेकुरा १६१५ च्या जानेवारीत राजा तिसरा फेलिपे याला आणि नोव्हेंबरमध्ये पोप पाचवा पॉल याला भेटला. उघड उद्देश मेक्सिकोशी थेट व्यापार आणि त्याच्या बदल्यात धर्मोपदेशकांना मुभा असा होता. जहाज बांधायला शोगुनाच्या नौदल अधिकाऱ्याने सुतार पाठवले होते, म्हणजे हा बेत एडोपासून लपवलेला नव्हता. कटाची कल्पना येथेच बरीच लंगडी पडते. १६११ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या किनाऱ्यावर मोठी त्सुनामी येऊन गेली होती, हेही या उद्योगाच्या वेळेकडे पाहताना लक्षात ठेवावे.

व्यापार झाला नाही. हासेकुरा समुद्रात असतानाच १६१४ मध्ये शोगुनाने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली आणि ती बातमी युरोपात पोहोचली. १६२० मध्ये तो रिकाम्या हाताने परतला. स्वतः मासामुने कधीही ख्रिस्ती झाला नाही. १६२४ मध्ये पोर्तुगीज धर्मोपदेशक दियोगो कार्व्हाल्यो याला सेंदाईतल्या हिरोसे नदीच्या गोठलेल्या पाण्यात उभे करून मारले गेले, ते त्याच्याच राज्यात. मोहीम म्हणून हे प्रकरण फसले, पण कागद उरले: हासेकुराला मिळालेले रोमचे नागरिकत्वपत्र आणि त्याचे चित्र सेंदाईत आहे, आणि २०१३ मध्ये ही कागदपत्रे युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आली.

१३. ते जपानी राजदूत गोव्यात राहिले होते, तेच का हे?

नाही, हा घोटाळा वारंवार होतो. गोव्यातून गेले ते १५८२ मध्ये नागासाकीहून निघालेले चार किशोर. क्यूशूतल्या ख्रिस्ती सरदारांच्या वतीने येशूसंघाने त्यांना पाठवले होते. जाताना आणि १५८७ मध्ये परतताना ते गोव्यात थांबले, आणि १५९० मध्ये जपानला पोहोचले. मासामुनेचा त्यांच्याशी संबंध नाही. हासेकुरा पूर्वेकडून, पॅसिफिक मार्गाने गेला. त्याच्या वाटेत हिंदुस्थान आलाच नाही.

१४. या लोकप्रियतेमुळे इतिहासाचे नुकसानच झाले आहे का?

मोगामी योशिआकीचे झाले, हे प्रश्न १० मध्ये आले आहे. पण उलट उदाहरणही आहे, आणि ते मला फार आवडते. ‘शोकुदाइकिरी मित्सुतादा’ ही तलवार एके काळी मासामुनेकडे होती, पुढे ती मितोच्या तोकुगावा घराण्याकडे गेली आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाली असे समजले जाई. २०१५ मध्ये ‘तोकेन रानबू’ हा खेळ आला, ज्यात प्रसिद्ध तलवारी माणसांची रूपे घेतात, आणि त्यात ही तलवार होती. चाहत्यांनी मितोच्या तोकुगावा संग्रहालयाकडे तिच्याविषयी विचारणा सुरू केली. तेव्हा संग्रहालयाने कळवले की तलवार आहे. आगीत काळी पडलेली, धार गेलेली, पण आहे. त्याच वर्षी ती प्रदर्शनात मांडली गेली आणि जळका लोखंडी पट्टा पाहायला माणसे रांगा लावून आली.

१५. महत्त्वाचा पण इंटरनेटवर फारसा कोणाला ठाऊक नसलेला सरदार कोण?

एकच नाव द्यायचे तर मियोशी नागायोशी. १५४९ पासून क्योतो आणि भोवतालच्या प्रांतांवर त्याचा ताबा होता, शोगुनाला त्याने राजधानीतून घालवले, आणि हे सगळे नोबुनागा क्योतोत येण्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी. १५६४ मध्ये तो वारला आणि घराणे लगेच फुटले. त्याच्या शिरस्त्राणावर चंद्रकोर नव्हती.

१६. ‘औदार्याचा अतिरेक म्हणजे दुबळेपणा’ हे त्याचे वचन फिरत असते. ते अस्सल आहे का?

सद्गुणांचा अतिरेक दोष होतो, असे सांगणारा हा उपदेश परंपरेने त्याच्या नावावर आहे. नितोबे इनाझो यांनी १९०० च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकात तो उद्धृत केला आणि तेथून तो जगभर गेला. त्याच्या हातच्या पत्रांतून तो आलेला नाही.

वास्तविक उपदेशापेक्षा ती पत्रेच वाचावीत. तो लेखनिकाऐवजी स्वतः लिहिणे पसंत करी आणि त्याची पत्रे मोठ्या संख्येने टिकली आहेत. त्यांतल्या एकात त्याने एका तरुण सेवकाची माफी मागितली आहे: दारूच्या नशेत त्याच्या निष्ठेवर संशय घेतला, सेवकाने स्वतःच्या हातावर वार करून रक्ताने शपथ लिहून पाठवली, आणि शुद्धीवर आलेला हा ईशान्येचा धनी ओशाळून लिहितो की मी काय बोललो ते मला आठवतसुद्धा नाही.

१७. देश जिंकता आला नाही याची त्याला स्वतःला खंत होती का?

याचे उत्तर त्याच्या उतारवयातल्या एका छोट्या चिनी धाटणीच्या कवितेत शोधले जाते. पहिल्या तीन ओळींचा आशय स्पष्ट आहे: घोड्यावर तारुण्य सरले, जग निवांत झाले आणि केस पांढरे झाले, उरलेला हा देह दैवाने माफ करून राखला आहे. चौथी ओळ मात्र दोन प्रकारे वाचता येते. एका वाचनात ती म्हणते, ‘मग आता मौज का करू नये?’ दुसऱ्यात म्हणते, ‘तरीही मन रमत नाही, हे काय असावे?’ जपानी अभ्यासकांत दोन्ही अर्थ सांगणारे आहेत, आणि ज्याने आयुष्यभर दोन अर्थांची पत्रे लिहून मान वाचवली, त्याने ही ओळ नकळत तशी लिहिली असेल असे मला वाटत नाही.